जुना रिमोट, नवा पीसी: प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विचचे कंट्रोलर संगणकाला जोडताना

कन्सोल बिघडतो, विकला जातो किंवा भावाबरोबर पुण्याला जातो. रिमोट मात्र टीव्हीखालच्या खणात पडून राहतो. पीसीसाठी नवा कंट्रोलर घ्यायच्या आधी तो खणातला बाहेर काढा. बहुतेक वेळा तो चालतो, फक्त कसा चालवायचा हे माहीत हवं.

एक गोष्ट आधी समजून घेतली की पुढची डोकेदुखी निम्मी होते. विंडोजवर कंट्रोलर आणि खेळ यांच्या बोलण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी डायरेक्टइनपुट. नवी एक्सइनपुट, ती मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० च्या वेळी आणली. हल्लीचे बहुतेक खेळ एक्सइनपुट गृहीत धरूनच लिहिलेले असतात. एक्सबॉक्सचे कंट्रोलर तीच भाषा बोलतात, त्यामुळे ते लावले की चालतात. सोनी आणि निन्टेन्डोचे बोलत नाहीत, म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो. हे काम स्टीम (पीसीवरचे खेळ विकणारं आणि चालवणारं ॲप) करतं किंवा डीएसफोरविंडोजसारखा एखादा छोटा प्रोग्रॅम करतो. दुभाष्या एकच ठेवायचा. दोन ठेवले की गोंधळ झालाच म्हणून समजा.

आणि हो, काही खेळांना कंट्रोलर चालतच नाही. पीसीवरचा वॅलोरंट त्यातलाच, त्याला कीबोर्ड आणि माउसच लागतो. अशा खेळासाठी रात्रभर सेटिंग चाळत बसू नका.

सुरुवात केबलने करा

ब्लूटूथचा मोह बाजूला ठेवून पहिल्यांदा वायरनेच जोडा. वायरने चाललं म्हणजे कंट्रोलर धड आहे, एवढं तरी पक्कं होतं. पीएस ३ च्या कंट्रोलरला मिनी यूएसबी लागते, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांना असायची ती. पीएस ४ चा ड्युअलशॉक आणि एक्सबॉक्स वन यांना मायक्रो यूएसबी. पीएस ५ चा ड्युअलसेन्स, एक्सबॉक्स सीरिज आणि स्विच प्रो यांना टाइप-सी.

इथेच पहिला घोटाळा होतो. पॉवर बँक, ट्रिमर किंवा ट्रेनमध्ये विकत घेतलेला पंखा यांच्याबरोबर आलेल्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, डेटाच्या तारा आत नसतातच. कंट्रोलरचा दिवा लागतो, पण पीसीला पत्ता नसतो. त्याच केबलने मोबाइल पीसीला लावून पाहा. फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय आला नाही, तर ती केबल चार्जिंगलाच ठेवून द्या.

आता कीबोर्डवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत joy.cpl (जॉय डॉट सीपीएल) टाइप करून एंटर मारा. जोडलेल्या कंट्रोलरची यादी येईल. आपल्या कंट्रोलरचं नाव निवडून प्रॉपर्टीज उघडा. एक पांढरा चौकोन दिसतो आणि त्यात अधिकचं छोटं चिन्ह असतं. डावी स्टिक फिरवली की ते चिन्ह सरकतं, बटणं दाबली की लाल गोल उजळतात. स्टिक सोडून हात बाजूला घ्या आणि चिन्ह कुठे थांबतं ते बघा. बरोबर मधोमध थांबलं तर उत्तम. एका बाजूला झुकून राहिलं किंवा जागच्या जागी थरथरत राहिलं, तर स्टिक झिजायला लागली आहे. ही चौकट लक्षात ठेवा, पुढे काहीही अडलं तरी पहिल्यांदा इथेच यायचं. इथे बटणं दिसतात पण खेळात चालत नाहीत, तर दोष भाषेचा आहे. इथेच दिसत नसेल, तर केबलचा, पोर्टचा किंवा कंट्रोलरचा.

एक्सबॉक्सवाल्यांचं काम सोपं, दोन अपवाद सोडून

एक्सबॉक्स वन किंवा सीरिजचा कंट्रोलर वायरने लावा, विंडोज स्वतःच ओळखतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एक्सबॉक्स ॲक्सेसरीज नावाचं ॲप घ्या आणि कंट्रोलरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, एकदा अपडेट करून टाका. ब्लूटूथच्या बऱ्याच कुरबुरी तेवढ्यानेच जातात.

पहिला अपवाद ब्लूटूथचा. एक्सबॉक्स वनबरोबर २०१३ मध्ये आलेल्या सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथच नाही. ते २०१६ मध्ये वन एसबरोबरच्या कंट्रोलरपासून आलं. ओळखायची खूण मधल्या एक्सबॉक्स बटणापाशी आहे. बटणाभोवतीचं प्लास्टिक पुढच्या मॅट भागाचंच असेल तर ब्लूटूथ आहे. ते वरच्या खांद्याच्या बटणांसारखं चकचकीत, वेगळा तुकडा लावल्यासारखं असेल तर नाही. सेकंडहँड घेताना फोटोवरूनही हे कळतं. ब्लूटूथ नसलेल्या कंट्रोलरला वायर लागेल किंवा मायक्रोसॉफ्टचा वायरलेस ॲडॉप्टर. त्या एका ॲडॉप्टरवर आठ कंट्रोलर चालतात, पण ब्लूटूथ असलेल्यांनी त्याच्यासाठी खर्च करू नये असं माझं मत.

दुसरा अपवाद जुन्या वायरलेस एक्सबॉक्स ३६० चा. चार्जिंगची वायर लावली म्हणजे तो वायरचा कंट्रोलर झाला असं लोक धरून चालतात. ती वायर फक्त वीज देते, डेटा तिच्यातून जातच नाही. त्याला ३६० चा स्वतंत्र वायरलेस रिसीव्हरच हवा. बाजारातले बरेच रिसीव्हर नकला असतात. त्या लावल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनोळखी वस्तू म्हणून दिसतात, आणि ड्रायव्हरच्या यादीतून एक्सबॉक्स ३६० वायरलेस रिसीव्हर हाताने निवडावा लागतो. वायरचा ३६० असेल तर यातलं काहीच नको, लावला की चालू.

प्लेस्टेशन: इथे थोडं थांबून वाचा

ड्युअलशॉक ४ किंवा ड्युअलसेन्स वायरने लावला की विंडोज त्याला ओळखतं, जॉय डॉट सीपीएलमध्ये बटणंही उजळतात, पण खेळ ढिम्म. मुलं इथेच हात टेकतात. कंट्रोलर धड आहे, फक्त दुभाष्या नाही.

स्टीमवरचे खेळ खेळत असाल तर दुसरं काही बसवू नका. स्टीमच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरचा विभाग उघडा आणि प्लेस्टेशन कंट्रोलरसाठी स्टीम इनपुट चालू करा. संपलं. एपिक किंवा इतर ठिकाणचा खेळ असेल, तर स्टीमच्या लायब्ररीत खाली डावीकडे ॲड अ गेम आहे, त्यातून नॉन-स्टीम गेम म्हणून तो जोडा आणि स्टीममधूनच सुरू करा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे खेळ मात्र या यादीत सहसा येत नाहीत.

तिथे डीएसफोरविंडोज कामाला येतं. हा मोफत प्रोग्रॅम सोनीच्या कंट्रोलरला विंडोजपुढे एक्सबॉक्स ३६० म्हणून उभा करतो. तो गिटहबवरूनच घ्या, प्रोग्रॅम लिहिणारे आपलं काम ठेवतात ती साइट. याच नावाच्या नकली साइट ढिगाने आहेत, डाउनलोडची तीन-तीन हिरवी बटणं दाखवणाऱ्या. पहिल्यांदा उघडल्यावर तो व्हीजेमबस नावाचा ड्रायव्हर बसवायला सांगतो. तो लागतोच, कारण खोटा एक्सबॉक्स कंट्रोलर तोच तयार करतो. त्याच्या जोडीला हिडहाइड नावाचा दुसरा ड्रायव्हर मिळतो. तो खऱ्या सोनी कंट्रोलरला खेळापासून लपवतो, म्हणजे खेळाला दोनाऐवजी एकच कंट्रोलर दिसतो.

आता ड्युअलसेन्सची खासियत. त्याचे ट्रिगर, म्हणजे खांद्याची खालची बटणं, खेळाप्रमाणे जड-हलके होतात आणि आतला कंप नुसत्या व्हायब्रेशनपेक्षा कितीतरी बारीक असतो. पीसीवर हे काही निवडक खेळांतच मिळतं. सोनीने स्वतः पीसीवर आणलेले बरेच खेळ त्यात आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्याला वायर लागते. अशा खेळात स्टीमचा दुभाष्या उलट आड येतो. खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन तेवढ्या खेळापुरतं स्टीम इनपुट बंद करा. मग पडद्यावर ए-बी-एक्स-वायच्या जागी चौकोन-त्रिकोण दिसायला लागतात, ती खूण समजा.

वायरने लावल्यावर पीसीचा आवाज अचानक गेला तर स्पीकरला दोष देऊ नका. सोनीचे हे कंट्रोलर विंडोजला स्पीकर किंवा हेडफोन म्हणूनही दिसतात, आणि विंडोज आवाज तिकडे वळवून मोकळं होतं. घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या खुणेवर क्लिक करून पुन्हा आपला नेहमीचा स्पीकर निवडा.

ब्लूटूथसाठी ड्युअलशॉकवर शेअर आणि पीएस, ड्युअलसेन्सवर क्रिएट आणि पीएस ही बटणं एकत्र दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकायला लागेपर्यंत. नुसतं पीएस बटण दाबलं तर पेअरिंग होत नाही, उलट हॉलमधला पीएस ५ जागा होतो. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, ॲड डिव्हाइस, ब्लूटूथ. ड्युअलशॉक तिथे नुसता वायरलेस कंट्रोलर या नावाने येतो. परत कन्सोलवर न्यायचा असेल तर कन्सोलला केबलने लावून पीएस बटण एकदा दाबलं की झालं.

पीएस ३ च्या कंट्रोलरबद्दल थोडक्यात. डीएसहिडमिनी नावाचा ड्रायव्हर लागतो, आणि तो असली कंट्रोलरवर उत्तम चालतो. मुंबईत मात्र पीएस ३ चे नकली रिमोट असलीपेक्षा जास्त फिरले. नकलीला ड्रायव्हर दाद देत नसेल तर त्यावर वेळ घालवू नये.

स्विच आणि स्वस्तातले

स्विच प्रो कंट्रोलर स्टीम ओळखतं. टाइप-सी पोर्टच्या बाजूचं छोटं गोल बटण दाबून धरलं की ब्लूटूथ पेअरिंग सुरू होतं. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. निन्टेन्डोचं ए बटण उजवीकडे असतं आणि एक्सबॉक्सचं खाली, त्यामुळे 'ए दाबा' म्हटल्यावर बोट चुकतं. स्टीममध्ये निन्टेन्डो बटण लेआउटचा पर्याय आहे, तो सवयीप्रमाणे ठेवा. दुसरं म्हणजे त्याचे ट्रिगर दाबले किंवा सोडले एवढंच जाणतात. गाड्यांच्या खेळात अर्धा ॲक्सिलरेटर देताच येत नाही. शर्यतीच्या खेळांसाठी मी तो सुचवणार नाही.

रेडगिअर, कॉस्मिक बाइट, एव्होफॉक्स असे आपल्याकडे सर्रास मिळणारे कंट्रोलर बहुधा दोन्ही भाषा बोलतात. मधलं बटण काही सेकंद दाबून धरलं की मोड बदलतो. कुठलं बटण आणि किती वेळ ते मॉडेलवर आहे, डब्यातला कागद फेकू नका. तीन-चारशे रुपयांना मिळणारे वायरवाले मात्र बहुतेक डायरेक्टइनपुटवरच अडकलेले असतात. ते जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक अशा नावाने दिसतात. त्यांना एक्स३६०सीई नावाचा दुभाष्या चालतो, किंवा स्टीममध्ये एकेक बटण ओळखवून देता येतं.

जुन्या खेळांत प्रकार उलटा होतो. ईएचा क्रिकेट ०७ अजून खेळणारे मुंबईत कमी नाहीत. त्या काळातल्या खेळांना बहुधा जुनी भाषाच कळते, आणि त्या भाषेत एक्सबॉक्स कंट्रोलरचे दोन्ही ट्रिगर मिळून एकच अक्ष धरला जातो. दोन्ही एकदम दाबले तर एकमेकांना खोडतात. जुन्या खेळात ट्रिगरला महत्त्वाचं काही लावू नका, खांद्याची वरची बटणं वापरा.

ब्लूटूथ, आणि भिंतीपलीकडचे वायफाय

लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ असतंच. डेस्कटॉप असेल तर आधी कॅबिनेटच्या मागे बघा. वायफाय असलेल्या मदरबोर्डवर बहुधा ब्लूटूथही असतं, आणि मागे दोन पितळी स्क्रू बाहेर आलेले दिसतात. त्यांच्यावर बसवायच्या अँटेना मदरबोर्डच्या डब्यातच पडलेल्या असतात, कारण नेट लॅनच्या वायरने चालतं म्हणून कुणी त्या लावलेल्या नसतात. ब्लूटूथही त्याच अँटेनावर चालतं. त्या नसतील तर कंट्रोलर टेबलावर चालतो आणि पलंगावर बसलं की तुटायला लागतो. अँटेना शोधा, हाताने आवळा, यूएसबीत लावायच्या ब्लूटूथ डोंगलचे पैसे वाचले.

नसेलच तर डोंगल. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग दिसेल. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. ब्लूटूथ ५ किंवा पुढचा, नावाजलेल्या कंपनीचा, बिलासकट घ्या. सीएसआर ४.० असं छापलेले सुटे, बोटाच्या पेराएवढे डोंगल काचेच्या बरणीतून काढून देतात ते टाळा. त्यात नकली चिप फार, हेडफोनला चालतात आणि कंट्रोलरला दगा देतात. मदरबोर्डवर आधीच ब्लूटूथ असेल आणि तरी डोंगल लावायचा असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुनं ब्लूटूथ बंद करा. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ सांभाळतं.

विंडोज ११ वर कंट्रोलर शोधात दिसतच नसेल तर डिव्हायसेसच्या पानावर खाली ब्लूटूथ डिव्हायसेस डिस्कव्हरी असा पर्याय आहे. तो डिफॉल्टवरून ॲडव्हान्स्डवर करा.

जोडलं जातं पण बटण उशिरा लागतं, मधेच एका दिशेला धावत सुटतं, ही तक्रार मुंबईत जास्त ऐकू येते, आणि त्याला कारण आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि जुन्या पद्धतीचं वायफायही तिथेच. टॉवरमधल्या एका फ्लॅटमध्ये वायफायची यादी उघडली तर वर-खाली-शेजारचे मिळून वीस नावं सहज येतात. शेजाऱ्यांचं आपण काही करू शकत नाही. पण स्वतःचा पीसी आणि फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झवर टाकता येतात. शिवाय यूएसबी ३ च्या पोर्टमधून, विशेषतः तिथे हार्ड डिस्क लावलेली असेल तर, याच पट्ट्यात खरखर पसरते. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर लेख काढला होता. डोंगल निळ्या पोर्टमधून काढा, काळ्या यूएसबी २ मध्ये लावा. त्याहून चांगलं म्हणजे मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन घेऊन डोंगल टेबलावर, डोळ्यांसमोर आणून ठेवा. पत्र्याच्या कॅबिनेटमागे भिंतीला चिकटलेल्या डोंगलकडून फार अपेक्षा करू नये.

ब्लूटूथवर कंट्रोलरचं हेडफोन जॅक पीसीशी चालत नाही, एक्सबॉक्सचंही नाही आणि सोनीचंही नाही. रात्री घरचे झोपल्यावर खेळायचं तर हेडफोन थेट पीसीला लावा.

एक दाबलं, दोन उमटले

मेन्यूत खाली एकदा दाबलं आणि दोन घरं सरकलं, किंवा खेळात पहिला आणि दुसरा असे दोन्ही खेळाडू तुमच्याच बोटांवर हलायला लागले, तर दोन दुभाषे चालू आहेत. नेहमीचा प्रकार म्हणजे मागे डीएसफोरविंडोज चालू आणि पुढे स्टीम इनपुटही चालू. क्रमाने जा. डीएसफोरविंडोज पूर्ण बंद करा. घड्याळाशेजारच्या बाणात ते लपून बसतं, तिथून बाहेर काढा. खेळ पुन्हा सुरू करा. ठीक झालं तर स्टीमवरच राहा. डीएसफोरविंडोजच हवं असेल तर उलट करा, खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टीम इनपुट बंद आणि हिडहाइड चालू. ईए स्पोर्ट्स एफसीसारखे काही खेळ सोनीचा कंट्रोलर स्वतःच ओळखतात, तिथे आधी एकही दुभाष्या न ठेवता बघा.

मॅकवर हा त्रास कमी. २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून ड्युअलशॉक ४ आणि ब्लूटूथवाला एक्सबॉक्स कंट्रोलर थेट चालतात. लिनक्समध्ये ड्युअलसेन्सचा आधार २०२१ च्या ५.१२ कर्नलपासून आहे.

स्टिक भरकटते तेव्हा

हात लावला नसताना खेळाडू चालत सुटला की त्याला ड्रिफ्ट म्हणतात. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली दोन छोटे पोटेन्शिओमीटर असतात. कार्बनच्या पट्टीवर एक टोक घासत फिरतं, पट्टी झिजते, धूळ साचते, आणि मध्य कुठे आहे हे कंट्रोलरला नीट कळेनासं होतं. पावसाळ्यात दमट हवेत स्टिकवरचं रबर चिकट होतं आणि त्यावर बोटांचा घाम व वेफर्सची पूड बसते. वापरून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसून झाकणाच्या डब्यात ठेवला तर फरक पडतो.

थोडाच ड्रिफ्ट असेल तर स्टीममध्ये त्या स्टिकचा डेड झोन (मध्याभोवतीची हालचाल खेळ मोजत नाही तो भाग) हळूहळू वाढवा, खेळाडू थांबला की तिथेच थांबा. उगाच मोठा ठेवला तर नेम धरताना बारीक हालचाल हरवते. पुढची पायरी आयसोप्रोपाइल अल्कोहोल. कंट्रोलर बंद करून स्टिक एका बाजूला झुकवा, फटीत एक-दोन थेंब सोडा, गोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. घाणीचा दोष असेल तर जातो, झिजेचा असेल तर आठवड्यात परत येतो. मग स्टिकचा भागच बदलावा लागतो, आणि ते सोल्डरिंगचं काम आहे. दुकानात देताना एकच प्रश्न विचारा: बदलल्यावर मध्य कॅलिब्रेट करून देणार का? 'लावून देतो, चालेल' असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. नवाच घ्यायची वेळ आली तर हॉल इफेक्ट स्टिकवाला बघा. त्यात चुंबकाने जागा मोजतात, त्यामुळे घासणारी पट्टीच नसते.

दोघांनी खेळायचं तर

पीसी टीव्हीला लावणार असाल तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. बटण उशिरा लागतंय म्हणून लोक ब्लूटूथला शिव्या घालतात, आणि खरा उशीर टीव्ही चित्र गुळगुळीत करत बसलेला असल्यामुळे झालेला असतो.

एक्सइनपुटवर जास्तीत जास्त चार कंट्रोलर बसतात, आणि क्रमांक साधारणपणे जोडण्याच्या क्रमाने मिळतो. ज्याला पहिला खेळाडू व्हायचंय त्याचा कंट्रोलर आधी जोडा, मग दुसऱ्याचा, आणि खेळ त्यानंतर सुरू करा. बरेच खेळ सुरू होतानाच कंट्रोलर मोजतात, मधे लावलेला त्यांना दिसत नाही. एक वायरने आणि एक ब्लूटूथने चालतो. दोन्ही ब्लूटूथवर ठेवून अडखळत असतील, तर टीव्हीजवळ बसणाऱ्याला वायर द्या.